बोक्याची साखर दुपारी ४१, संध्याकाळी ३८८: आता इन्सुलिन किती द्यायचं?

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. आधी ते थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

बोका नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन सहा किलोच्या थोडं वर. दोन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. ग्लार्जिन इन्सुलिन, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, दर वेळी २ युनिट. पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही त्याची दूध-भाकरी आणि कोरडे दाणे बंद केले, उकडलेलं चिकन आणि पाकिटातलं ओलं खाणं सुरू केलं. डोस तोच ठेवला. काल सकाळी त्यानं अर्धंच खाल्लं, तुम्ही नेहमीचा डोस दिलात. साडेअकराला तो ज्वारीच्या कोठीमागे सापडला. मागचे पाय लटपटत होते, बाहुल्या मोठ्या झालेल्या, तोंडातून लाळ. घरातल्या मीटरवर ४१. मध चाटवलात, खाऊ घातलंत, अर्ध्या तासात उभा राहिला. संध्याकाळी ७ वाजता रीडिंग ३८८. घाबरून तुम्ही सुई दिली नाही. आता दीर, जे स्वतः इन्सुलिन घेतात, ते म्हणतात ३ युनिट करा. सासूबाई म्हणतात, मुक्या जनावराला सुया टोचणं बंदच करा. आणि तुमचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत.

दोघांचंही ऐकू नका. ३ युनिट तर नकोच, आणि सुई बंदही नको.

तुम्ही विचारलंय किती युनिट, पण त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. साखर कशामुळे उतरली, आणि संध्याकाळचा ३८८ हा आकडा कशाचा आहे. त्या कळल्या की युनिटचं उत्तर फार अवघड राहत नाही. मी बोक्याला पाहिलेलं नाही. त्याची किडनी कशी आहे, दातांत पू आहे का, खाजेसाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का, यावर बरंच काही बदलतं. त्यामुळे खाली लिहितोय ते माझ्या प्रॅक्टिसमधलं आहे. डॉक्टर गावाला असले तरी फोन उचलतील, नाहीतर शहरातल्या दुसऱ्या कुणालातरी आजच दाखवा. डोस त्यांच्याशी बोलून ठरवा.

आधी ३८८ चं बघू. साखर खाली गेली की शरीर गप्प बसत नाही. ग्लुकागॉन, अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल अशी सगळी संप्रेरकं धावून येतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओतून देतं. त्यात तुम्ही मध दिलात. त्यात तो घाबरलेला. मांजर घाबरलं की मधुमेह नसतानाही साखर तीनशेच्या वर जाऊ शकते. माझ्या टेबलावर बाहेरचा कुत्रा भुंकत असताना घेतलेल्या रीडिंगवर मी म्हणूनच कधी निदान करत नाही. तर कालचा ३८८ म्हणजे उतरलेल्या साखरेची सावली समजा. अशा प्रसंगानंतर दोन-तीन दिवस आकडे चढे राहू शकतात. त्यांच्याकडे बघून डोस वाढवला की मांजर परत खाली जातं, परत उसळतं, आणि मालक परत वाढवतो. या फेऱ्यात अडकलेली मांजरं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाला ६ युनिट चालू होते. हळूहळू उतरवत दीड युनिटवर आणल्यावर ते पहिल्यांदा नीट खाऊ-खेळू लागलं.

तुमच्या दिरांचं चुकतंय कुठे, तर ते स्वतःच्या हिशोबानं बघताहेत. माणसात साधारण १८० च्या पुढे लघवीतून साखर जायला लागते, मांजरात साधारण अडीचशेच्या पुढे. बारा तास ३८८ राहिली म्हणून बोक्याचं काही बिघडत नाही. ४१ वर तासभर राहिली असती तर मेंदूला इजा होऊ शकली असती.

आणखी एक. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तावर सहसा खरी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवतं, कारण माणसाच्या आणि मांजराच्या रक्तात तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा यांच्यातली साखरेची वाटणी वेगळी असते. म्हणजे ४१ हे प्रत्यक्षात पन्नाशीच्या आसपास असेल. पण लटपट आणि लाळ होती, तेव्हा तो हिशोब करत बसायची गरज नव्हती. मध दिलात ते बरोबर केलंत. मीटर एकच ठेवा, मधेच बदलू नका. कुठल्याही मीटरवर साठच्या खाली आकडा आला की लक्षणं असोत-नसोत, खायला घाला.

आता साखर कशामुळे उतरली ते. अर्धं खाल्लं होतं हे कारण आहेच, पण माझ्या मते ते छोटं कारण. मोठं कारण तुमच्या वाक्यात दडलंय: पंधरा दिवसांपूर्वी भाकरी बंद केली, डोस तोच ठेवला.

आपल्या सोलापुरात मांजराला दूध-भाकरी घालणं म्हणजे घरोघरची रीत. चुरलेली भाकरी, वर दूध, खाली जर्मनची ताटली. ज्वारीच्या दाण्यात शंभर ग्रॅमला साठ-सत्तर ग्रॅम पिष्ट असतं. मांजर जन्मजात मांसाहारी. जेवणानंतर साखरेचा लोंढा आला तर तो यकृतात झटपट ओढून घ्यायची जी सोय आपल्याकडे किंवा कुत्र्याकडे असते, ती मांजरात फारच दुबळी आहे. त्यामुळे भाकरीची साखर त्याच्या रक्तात तासन् तास रेंगाळते. दुकानातले कोरडे दाणेही त्याच जातीचे, त्यांना आकार धरायलाच पिष्ट लागतं. तुमच्या डॉक्टरांनी २ युनिट ठरवले ते या खाण्यावर. चिकनमध्ये पिष्ट जवळजवळ नाहीच. इन्सुलिन तेवढंच, आणि ज्या साखरेसाठी ते होतं ती साखर ताटलीतून गेली. कालच्या अर्ध्या जेवणानं शेवटचा धक्का दिला एवढंच.

खाणं बदललंत ते चांगलंच केलंत, मी स्वतः तेच सांगितलं असतं. फक्त ते आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू, रोज साखर बघत आणि डोस कमी करत करायचं असतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर दोष तुमचा नाही.

याच्या आत एक चांगली बातमीही असू शकते. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा आपल्या टाइप २ सारखा असतो. रक्तातली साखर सतत चढी राहिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्या साखरेनंच मंदावतात. सुईनं आणि योग्य खाण्यानं साखर खाली आली की त्या पेशी विसावा घेऊन पुन्हा कामाला लागतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत हे घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. काही मांजरांची सुई पुढे सुटतेही. मग बाहेरून दिलेलं अधिक आतून सुटलेलं, असं दुहेरी इन्सुलिन होतं आणि साखर कोसळते. तुमचा बोका नेमका दुसऱ्या महिन्यात आहे. तो बरा होतोय म्हणून उतरला असेल, आणि अशा वेळी ३ युनिट देणं किती धोक्याचं, ते आता लक्षात आलं असेल.

माझ्याकडे असं मांजर आलं तर मी काय करतो: लक्षणांसकट साखर उतरली असेल तर डोस निम्मा. तुमच्या बाबतीत १ युनिट. आज सकाळी त्यानं नीट खाल्लं आणि रीडिंग अडीचशेच्या वर असेल तर १ युनिट. दीडशेच्या खाली असेल तर ही वेळ सोडून देतो. मधलं काही असेल तर डॉक्टरांना फोन. मग निदान आठवडाभर १ युनिटच, वर-खाली काही नाही, कारण ग्लार्जिनचा नवा डोस स्थिरावायला पाच-सात दिवस लागतात. रोज आकडा बघून रोज डोस हलवणारा माणूस काहीच शिकत नाही, आणि मांजर हैराण होतं. सासूबाईंना सांगा, पूर्ण बंद केली तर आठवड्याभरात उलट्या, खाणं बंद, आणि मग केटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं, होऊन सलाईनवर ठेवायची वेळ येऊ शकते. तेव्हा एक नाही, वीस सुया टोचाव्या लागतात.

आता एक विचारायचंच राहिलं. तुमच्या सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे?

हे मी प्रत्येकाला विचारतो, आणि का विचारतो तेही सांगतो. बरीच वर्षं झाली. अशोक चौकाच्या बाजूला राहणारे एक आजोबा, पद्मशाली कुटुंब, त्यांची मांजर. तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात, तिचं नावही पिल्लीच. मी ग्लार्जिन २ युनिट लिहून दिलं, १०० वालं. त्या ग्लार्जिनच्या एका मिलीत १०० युनिट असतात. पण आपल्याकडे माणसांसाठीच्या इन्सुलिनच्या कित्येक बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. १०० वाल्याची केशरी टोपणाची. आजोबा स्वतः मधुमेही, घरात लाल टोपणाच्या सिरिंजचा डबा भरलेला. नवीन कशाला आणायची म्हणून त्यांनी तीच वापरली. लाल सिरिंजवर २ ची रेघ म्हणजे ०.०५ मिली. त्यात १०० वालं भरलं की ते ५ युनिट. अडीच पट.

तिसऱ्या रात्री तीन वाजता त्यांचा नातू पिल्लीला चादरीत गुंडाळून स्कूटरवर घेऊन आला. फिट चालू होती. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, दिलं, पहाटेपर्यंत सलाईन चालवली. वाचली. पण चार दिवस तिला दिसत नव्हतं, भिंतीला आपटत चालायची, मग हळूहळू नजर परत आली. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, मी तर तुम्ही सांगितलं तेवढंच दिलं की ओ." खरंच तेवढंच दिलं होतं. चिठ्ठीवर मी सिरिंजचा रंग लिहिला नव्हता. चूक माझी. तेव्हापासून चिठ्ठीवर इन्सुलिनचं नाव, खाली "केशरी टोपण", आणि पहिली सुई माझ्यासमोर भरून दाखवल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नाही.

तेव्हा आत्ता उठून बाटली किंवा पेनवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का बघा. उलटं झालं असेल, म्हणजे ४० वालं इन्सुलिन केशरी सिरिंजनं, तर बोक्याला निम्म्याहूनही कमी जात असेल. तोही घोळच. सिरिंज घेताना ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मागा. बऱ्याच पेनांवर अर्धं युनिट लावताच येत नाही, आणि मांजरात अर्ध्या युनिटनं फरक पडतो.

परत कधी साखर उतरली तर काय करायचं, ते आत्ताच डोक्यात पक्कं करून ठेवा. वेळ आल्यावर सुचत नाही.

नुसता भुकेनं वखवखलेला, कासावीस, किंवा नेहमीपेक्षा सुस्त, कोपऱ्यात जाऊन बसलेला दिसला आणि गिळू शकत असेल तर आधी खाणं पुढे करा. या एका वेळेला काहीही चालतं, अगदी बंद केलेले कोरडे दाणे आणि दूधसुद्धा. खात नसेल किंवा पाय लटपटत असतील तर चमचाभर मध बोटानं हिरड्यांना आणि गालाच्या आतून चोळा. मध नसेल तर ग्लुकोज पावडर दोन थेंब पाण्यात घट्ट कालवून. काकवीही चालेल, साखरपट्ट्यात राहतो आपण. पण पातळ पाणी चमच्यानं तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. फिट चालू असेल तर बोट दातांमध्ये घालायचं नाही, ओठ उचलून बाहेरच्या हिरडीला लावायचं आणि तसंच गाडीत घालून निघायचं. वाटेत थांबून मीटर लावू नका. शुगर-फ्री काहीही या कामाचं नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

काल तुमच्या हातून एकच गोष्ट निसटली. तो उभा राहिल्यावर तुम्ही थेट संध्याकाळी ७ वाजता रीडिंग घेतलं. मधाची साखर तासाभरात ओसरते, ग्लार्जिन मात्र पुढे कितीतरी तास काम करत असतं. उठून बसलेलं मांजर दीड तासानं परत आडवं होऊ शकतं. दर अर्ध्या-एक तासानं आकडा बघा, थोडं थोडं खायला घालत राहा, सलग तीन-चार आकडे शंभरच्या वर टिकेपर्यंत. आणि त्या संध्याकाळचा डोस न देणं हे तुम्ही अगदी बरोबर केलंत. एक सुई चुकली तर काही होत नाही. सुई त्वचेत गेली की केसांत सांडली असा संशय आला, केस ओले लागले, तरी परत टोचायचं नाही. घरातल्या दोघांनी एकेकदा दिली की काय अशी शंका आली तरी नाही. फ्रिजवर कॅलेंडर लटकवा आणि सुई दिली की ज्यानं दिली त्यानं लगेच खूण करायची. चार माणसांच्या घरात दुहेरी डोस असेच जातात.

सकाळी खाल्लंच नाही तर? काहीच खाल्लं नाही, उलटी केली, तर सुई नाही, डॉक्टरांना फोन. अर्धं खाल्लं तर निम्मा डोस. ग्लार्जिन हळू चालणारं असल्यामुळे घड्याळ लावून जेवणाशी जुळवलं नाही तरी चालतं, पण पोटात काहीतरी असलंच पाहिजे. मी आधी खाऊ घालायला सांगतो, मग सुई. उलट केलं की तुमच्या हातात काही उरत नाही.

रक्त घरीच काढायला शिका. कानाच्या कडेला बारीक शीर असते, तिच्या बाजूला टोचायचं, मागे कापूस धरायचा म्हणजे आपल्या बोटात सुई घुसत नाही. आधी कडेला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, थेंब गोल बसतो, केसांत पसरत नाही. थंडीत कान गार असेल तर आधी हातात धरून गरम करा, उन्हाळ्यात आपल्याकडे ती अडचणच नाही. आठवड्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या सुईपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी रीडिंग घ्या. त्यातला सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० मध्ये आला तर डोस जागेवर आहे. पुढचा डोस ठरवायला सकाळच्या एका आकड्यापेक्षा या खालच्या आकड्याचा उपयोग जास्त. दंडावर लावायचे, साखर मोजणारे चौदा दिवसांचे सेन्सर मांजरालाही लावता येतात, पण पूर्ण चौदा दिवस ते क्वचितच टिकतात आणि साखर भराभर पडत असेल तर थोडे मागे राहतात. परवडत असेल तर पहिल्या महिन्यात एकदा लावून बघा.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा, पण एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली नको, तिथे ते गोठतं आणि गोठलेलं टाकूनच द्यायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ दिसलं तर तेही टाका. एप्रिल-मे मध्ये दुपारी लाइट गेली तर दार उघडू नका, दोन-तीन तास काही होत नाही. अक्कलकोट-पंढरपूरला जाताना थर्मासमध्ये बर्फाला चिकटवून नेऊ नका, मध्ये टॉवेलची घडी ठेवा.

चिकनबद्दल जाता जाता. नुसतं उकडलेलं चिकन कायमचं पुरत नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य उकळत्या पाण्यात उतरतं. मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला टॉरिन लागतंच. म्हणून मुख्य खाणं पाकिटातलं "संपूर्ण आहार" लिहिलेलं ओलं खाणं, चिकन वरचं. चिकनचं पाणी फेकू नका, तेच वर घाला, पण मीठ, कांदा, लसूण न घालता. कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि दिरांच्या डायबेटिसच्या गोळ्यांकडे चुकूनही वळू नका.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना रीडिंगचा कागद आणि तुमची सिरिंज दोन्ही न्या. फ्रुक्टोसामीन तपासणीबद्दल विचारा, मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते. त्यांना हेही विचारा की रात्री काही झालं तर कुठे जायचं, आणि तो नंबर फोनमध्ये आजच साठवा. फक्त मधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. गार झालेला मध घट्ट होतो, आणि नेमक्या वेळी बाटलीतून निघत नाही.